पहिला रिसीव्हर झाकला गेला, मग पुढे?

डॅलसजवळ राहणाऱ्या एका गृहस्थांनी विचारलंय: 'मी आणि माझा मुलगा शनिवारी अमेरिकन फुटबॉलचे कॉलेज सामने बघतो आणि रविवारी एनएफएल ही व्यावसायिक लीग. एक कोडं आम्हाला सुटत नाही. क्वार्टरबॅक शेडूर सँडर्सने २०२४ मध्ये कोलोराडोकडून ७४ टक्के पास पूर्ण केले, तरी पुढच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघ कॉलेजचे खेळाडू क्रमाने निवडतात तेव्हा, तो १४४ वा गेला. जॉश ॲलन वायोमिंगला ५६ टक्क्यांवर होता, तो २०१८ मध्ये सातवा गेला आणि पुढे एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू) झाला. तुम्ही लोक नेमकं बघता काय? की सगळं अंदाजपंचे?'

अंदाजपंचे नाही. पण चुका आम्ही भरपूर करतो, आणि त्यातली माझी एक पुढे सांगणारच आहे. गेली पंधरा वर्षं मी कॉलेज क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून डाव चालवणाऱ्या खेळाडूंच्या, फिल्म बघून अहवाल लिहितोय. सुरुवातीला एका संघासाठी लिहायचो, आता स्वतंत्रपणे लिहितो. उत्तर जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

पासची टक्केवारी हा एकट्या त्या मुलाचा आकडा नसतोच. कोचची आखणी, पास झेलणाऱ्या रिसीव्हरांचे पाय, क्वार्टरबॅकला राखणाऱ्या लाइनमननी दिलेला वेळ, समोरच्या बचावाचा दर्जा आणि मग तो मुलगा, असं सगळं त्यात एकत्र शिजलेलं असतं. आमचं पहिलं काम तांदूळ निवडण्याचं. त्यातलं त्याचं किती आणि इतरांचं किती, हे दाणा दाणा बघून वेगळं काढायचं.

कॉलेजचा खेळ आणि एनएफएलचा खेळ लांबून सारखे दिसले तरी काही नियम वेगळे आहेत, आणि त्या नियमांनी क्वार्टरबॅकचं काम फार बदलतं. आरपीओ घ्या. धाव की पास हे स्नॅप झाल्यावर, म्हणजे चेंडू क्वार्टरबॅककडे आल्यावर, ठरवायचा हा डाव. क्वार्टरबॅक एकाच बचावपटूकडे बघतो. तो धावणाऱ्याकडे झेपावला की त्याच्या पाठीमागे मोकळी झालेली जागा बघून चेंडू तिथे टाकतो. पास सुटण्याआधी कॉलेजात लाइनमन ३ यार्ड पुढे जाऊ शकतात, एनएफएलमध्ये फक्त १. त्या दोन यार्डांमुळे कॉलेजातल्या लाइनबॅकरला (बचावाच्या मधल्या फळीतल्या खेळाडूला) धाव असल्याचा भास होतो आणि मागे दार सताड उघडं राहतं. असे पास टक्केवारी फुगवतात. पण त्यातून मला एवढंच कळतं की मुलगा एका माणसाकडे नीट बघू शकतो.

दुसरी गोष्ट हॅशमार्कांची, म्हणजे मैदानावरच्या त्या दोन खुणांच्या रांगांची ज्यांच्या दरम्यान चेंडू ठेवून डाव सुरू होतो, आणि टीव्हीवर बघणाऱ्यांच्या ती सहसा ध्यानात येत नाही. कॉलेजच्या मैदानावर दोन हॅशमार्कांत ४० फुटांचं अंतर असतं, एनएफएलमध्ये १८ फूट ६ इंचांचं. कॉलेजात चेंडू डाव्या हॅशवर असला की उजवीकडे अवाढव्य रान मोकळं राहतं. बचावाला ते पुरतं झाकता येत नाही, आणि कोच तिथेच रिसीव्हर पेरून ठेवतात. एनएफएलमध्ये खेळ जवळपास मध्यातूनच सुरू होतो, त्यामुळे बचाव दोन्हीकडे सारखा उभा राहू शकतो आणि आपलं सोंग शेवटपर्यंत लपवू शकतो.

तिसरी गोष्ट, कितीतरी कॉलेज संघांत हडलच, म्हणजे डावाआधी घोळका करून बोलणंच, होत नाही. अकराही जण साइडलाइनकडे बघतात, तिथून हातवारे होतात, चित्रांचे मोठे फलक वर जातात, कोच बचावाची मांडणी बघून डाव बदलतो आणि मुलगा तो खेळतो. हेल्मेटमधला रेडिओ एनएफएलला १९९४ पासून आहे, कॉलेजच्या सर्वांत वरच्या गटात तो २०२४ मध्ये आला. म्हणजे ज्या मुलाने लांबलचक डाव दहा जणांना स्वतः सांगितला नाही, बचाव वाचून स्वतः बदलला नाही, सेंटरच्या (स्नॅप देणाऱ्या लाइनमनच्या) मागे उभं राहून चेंडू घेतला नाही, त्याचं हे सगळं शिक्षण अजून व्हायचंय. हा त्याचा दोष नाही. पण ते तो शिकेल का, याचा पुरावा मला फिल्ममध्ये मिळत नाही.

म्हणून मी हंगामातल्या प्रत्येक पासचे गठ्ठे करतो. स्क्रीन (लाइनमनच्या आडोशाने दिलेले जवळचे पास), आरपीओ, बाजूला दिलेले आखूड पास एका गठ्ठ्यात जातात. पहिलाच रिसीव्हर मोकळा होता आणि त्याला चेंडू दिला, ते पास दुसऱ्या गठ्ठ्यात. हे दोन्ही गठ्ठे बाजूला सारले की ढीग एकदम आटतो. उरतात ते पास ज्यांत पहिला रिसीव्हर झाकला गेला, किंवा कुणीतरी अंगावर आलं, किंवा दोन्ही झालं. मी गुण देतो ते त्या ढिगावर. सगळ्यांत जास्त वेळ मी तिसरा डाउन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि सात किंवा जास्त यार्ड बाकी, या प्रसंगांवर घालवतो, कारण तिथे बचावाला पास येणार हे ठाऊक असतं आणि कोचच्या आखणीची फारशी मदत उरत नाही.

त्या ढिगात मी आधी हात बघत नाही, पाय बघतो. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे पळतो, त्यात हे कळणारच नाही. त्यासाठी ऑल-२२ नावाची फिल्म लागते, जिच्यात बावीसही खेळाडू दिसतात, आणि सोबत गोलपोस्टच्या मागून घेतलेली फिल्म. चांगल्या क्वार्टरबॅकची पावलं त्याच्या वाचनाला बांधलेली असतात. पाच पावलं मागे, पाचवं पाऊल टेकलं की पहिल्या रिसीव्हरचा निर्णय व्हायला हवा. तो नाही, तर एक छोटी उडी आणि दुसरा. पुन्हा एक उडी आणि तिसरा. प्रत्येक उडीबरोबर पुढचा पाय आणि कंबर नव्या रिसीव्हरकडे वळतात. पावलं पहिल्याकडेच रोखलेली आणि नुसती मान तिसऱ्याकडे वळली, तर चेंडू केवळ हाताच्या जोरावर जातो आणि रिसीव्हरच्या पाठीमागे पडतो. आकड्यांत तो 'चुकलेला पास' एवढाच नोंदला जातो. मला मात्र तिथे कळतं की डोकं वेळेवर पोचलं, पाय पोचले नाहीत. हा फरक किती मोलाचा आहे, ते मी उशिरा शिकलो.

मग डोळे. स्नॅपआधी दोन सेफ्टी, म्हणजे सर्वांत मागचे बचावपटू, खोल उभे असतात, स्नॅप होताच एक खाली धावत येतो आणि कव्हरेजच, म्हणजे रिसीव्हरांना झाकायचं नियोजनच, बदलतं. त्या क्षणी फिल्म थांबवून मी मुलाचं डोकं बघतो. त्याला ते दिसलं का? दिसलं असेल तर बेत बदलला का, की स्नॅपआधी ठरवलेल्या जागीच चेंडू फेकला? तिसरी तपासणी अगदी सोपी आहे, तुम्हीही करू शकाल. चेंडू हातातून सुटतो त्या चौकटीवर फिल्म थांबवा आणि रिसीव्हर कुठे आहे ते पाहा. तो वळून मोकळा झालेला असेल तर मुलाने बघून फेकलं. तो अजून पाठमोरा धावत असेल आणि चेंडू निघालाही असेल, तर मुलाने अंदाज बांधून फेकलं. कॉलेजात बघून फेकणं चालतं, कारण रिसीव्हर तीन-तीन यार्ड मोकळे असतात. एनएफएलमध्ये मोकळं असणं म्हणजे हातभर फट, तीही पापणी लवेपर्यंतची. अंदाज बांधून फेकलेले पास ज्याच्या फिल्ममध्ये अजिबात सापडत नाहीत, त्याच्याबद्दल मी फार सावध होतो, मग त्याचे टचडाउन (गोलरेषेपलीकडे चेंडू पोचवून मिळवलेले गुण) कितीही असोत.

दबावाखालचं वागणं हा माझ्या मते सगळ्यात टिकाऊ गुण किंवा अवगुण. सॅक झाला, म्हणजे चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅक पाडला गेला, की बघणारे लाइनमनना दोष देतात. बऱ्याचदा तो रास्त असतो, पण कितीतरी सॅक क्वार्टरबॅक स्वतः ओढवून घेतो. चेंडू फार वेळ धरतो, किंवा पुढे सरकायच्या ऐवजी मागे मागे जातो. मागे गेलं की कडेने येणाऱ्या बचावपटूचा रस्ता आपणच सोपा करून देतो, कारण लाइनमन त्याला वळसा घालायला लावत असतो आणि आपण त्या वळशाच्या टोकाशी जाऊन उभे राहतो. सँडर्सबद्दल तुम्ही विचारलंत. कोलोराडोच्या दोन हंगामांत तो ९४ वेळा सॅक झाला. लाइन कच्ची होती हे खरं, पण फिल्ममध्ये ते मागे सरकणंही स्पष्ट दिसतं. त्याची अचूकता खरी आहे, तिच्याविषयी मला शंका नाही. पण ७४ टक्क्यांमध्ये सॅक मोजलेच जात नाहीत, हे लक्षात घ्या. केलेब विल्यम्सही यूएससीला चेंडू धरून ठेवायचा. शिकागोत २०२४ च्या पहिल्याच हंगामात तो ६८ वेळा सॅक झाला. ही सवय ड्राफ्टच्या दिवशी गळून पडत नाही.

याच्या उलट टॉम ब्रेडी, जो पुढे या खेळातला महान क्वार्टरबॅक ठरला. २००० मध्ये १९९ वा गेला, ४० यार्ड धावायला त्याला ५.२८ सेकंद लागले होते. पण पॉकेटमध्ये, म्हणजे लाइनमननी राखलेल्या जागेत, अर्धं पाऊल बाजूला, अर्धं पुढे, नजर सतत लांबवर, यात त्याच्या तोडीचे फार थोडे झाले. ते अर्धं पाऊल घड्याळात मोजता येत नाही.

उंची, तळहात, हाताचा जोर यांवर लोक फार बोलतात, मी थोडंच बोलेन. नामवंत क्वार्टरबॅक ड्रू ब्रीझ सहा फुटांचा होता, ब्राइस यंग पाच फूट दहाचा असून २०२३ मध्ये पहिला गेला. उंची कमी असली की मधल्या भागातले पास घटतात का, एवढंच मी तपासतो. केनी पिकेटचा तळहात जेमतेम साडेआठ इंचांचा भरला, त्यावर २०२२ मध्ये महिनाभर चर्चा चालली. हाताच्या जोराची खरी परीक्षा साठ यार्डांची उंच फेक नव्हे. पलीकडच्या हॅशवरून साइडलाइनकडे जाणारा बारा यार्डांचा आउट (बाहेरच्या बाजूला वळणाऱ्या रिसीव्हरला दिलेला पास), ही ती परीक्षा. डावाला बारा यार्ड मिळतात, पण मागे सरकलेली सात यार्डं आणि मैदानाची आडवी रुंदी धरली तर चेंडूला हवेत पस्तीसच्या आसपास यार्ड कापावे लागतात. तेवढ्यात तो तरंगला तर कॉर्नर हा कडेचा बचावपटू तो घेऊन उलट दिशेने टचडाउन करतो. आणि प्रो डेला, म्हणजे ड्राफ्टआधीच्या प्रात्यक्षिकात, कॉलेजच्या मैदानावर होणारी फेक बघून कृपा करून कुणी भारावू नका. तिथे बचावपटू नसतात, पासचा क्रम आधी पाठ केलेला असतो. झॅक विल्सनने २०२१ च्या प्रो डेला पळता पळता अंगाच्या उलट दिशेने एक लांब पास टाकला, तो देशभर गाजला, आणि न्यूयॉर्क जेट्सने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं. पास खरोखर सुंदर होता. पण जेट्सकडे त्याला जे जड गेलं, ते त्या दिवशी कुणी विचारलंच नव्हतं.

इंडियानापोलिसच्या कंबाइनमध्ये, म्हणजे ड्राफ्टआधीच्या सामायिक चाचणी-शिबिरात, धावणं-फेकणं टीव्हीवर दिसतं, पण संघांना तिथून हवी असते वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत. मी संघात होतो तेव्हा एका मुलासाठी १५ मिनिटं मिळायची, नंतर ती १८ झाली. मला सगळ्यात उपयोगी वाटलेली पद्धत अशी: मुलाला त्याचंच एक वाईट इंटरसेप्शन (बचावपटूने झेललेला पास) दाखवायचं आणि काय झालं ते सांग म्हणायचं. काही जण रिसीव्हर चुकीचा धावला म्हणतात. काही जण 'माझी चूक' एवढंच म्हणून गप्प होतात, तेही मला पुरत नाही. मला हवा असतो तो मुलगा जो सेफ्टी कुठे होता, आपल्याला तो कुठे असेल असं वाटलं आणि का वाटलं, हे फळ्यावर काढून दाखवतो. मग त्याला एक नवा डाव शिकवायचा, दहा मिनिटं घरच्या गप्पा मारायच्या आणि तोच डाव पुन्हा काढायला सांगायचा. लेखी चाचण्यांवर माझा भरवसा कमी. ५० प्रश्नांची वंडरलिक चाचणी लीगने २०२२ मध्ये बंदच केली. २०२३ मध्ये सी. जे. स्ट्राउडचे एस-टू नावाच्या चाचणीतले कमी गुण बाहेर फुटले आणि गहजब झाला. त्याच हंगामात तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. एका मुलाचे गुण असे चव्हाट्यावर आणणं मला तेव्हाही आवडलं नाही, आजही आवडत नाही.

अनुभवाचा मुद्दा मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो. बिल पार्सेल्स यांच्यासारखे जुने कोच तीन वर्षं सुरुवातीपासून खेळलेला, शिक्षण पूर्ण केलेला क्वार्टरबॅक मागायचे, ते उगाच नव्हे. मिच ट्रुबिस्की कॉलेजात १३ सामन्यांत सुरुवातीपासून खेळला होता, अँथनी रिचर्डसन १३, ट्रे लान्स १७. उलट जेडन डॅनियल्स ५५ आणि बो निक्स ६१. सामने जास्त म्हणजे मुलगा जास्त चांगला, असं नाही. पण १३ सामन्यांच्या फिल्मवर मी जे लिहितो त्यात माझ्या चुकीला जागा फार मोठी राहते, आणि संघ तीच जागा आशेने भरून काढतो. लान्सने २०१९ मध्ये नॉर्थ डकोटा स्टेटकडून २८ टचडाउन पास टाकले, एकही इंटरसेप्शन दिलं नाही. पुढच्या वर्षी साथीमुळे एकच सामना झाला. तेवढ्यावर २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने बाराव्यावरून तिसऱ्या क्रमांकावर यायला पहिल्या फेरीच्या तीन निवडी मोजल्या. त्याच संघाने २०२२ मध्ये आयोवा स्टेटला चार वर्षं खेळलेला ब्रॉक पर्डी अगदी शेवटच्या, २६२ व्या निवडीवर घेतला आणि तो त्यांना सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, घेऊन गेला.

इथे एक सावधगिरी हवी. २०२१ पासून खेळाडूंना नावावर पैसे मिळू लागले, कॉलेज बदलणंही सोपं झालं, त्यामुळे क्वार्टरबॅक पाच-सहा वर्षं कॉलेजात राहतात. चोवीस वर्षांचा बाप्या एकोणीस वर्षांच्या पोरांविरुद्ध चमकला तर मी वयाचा हिशेब लावतोच. आणि एका वर्षात झालेली झेप बघताना भोवतालचं काय बदललं तेही तपासतो. क्वार्टरबॅक जो बरो एलएसयूला (लुइझियाना स्टेट विद्यापीठाला) २०१८ मध्ये ५७.८ टक्क्यांवर होता, २०१९ मध्ये ७६.३ वर गेला आणि ६० टचडाउन पास टाकले. नवा पासिंग कोच आला होता, जमार चेस आणि जस्टिन जेफरसन हे रिसीव्हर तयार झाले होते. पण उरलेल्या ढिगातही, म्हणजे पहिला रिसीव्हर झाकला गेलेल्या पासमध्येही, बरो तितकाच थंड डोक्याने खेळला होता. म्हणून ती झेप खरी मानता आली.

आता माझी चूक. २०१८ मध्ये ॲलनला मी तिसऱ्या फेरीचा ठरवला होता. माझ्या अहवालात ठळक अक्षरांत ५६ टक्के लिहिले होते, आणि २०१७ च्या पहिल्याच सामन्यात आयोवाविरुद्ध तो कसा चाचपडला त्याचं लांबलचक वर्णन होतं. लिहिलेलं खोटं नव्हतं. पण दोन गोष्टी मी धड विचारल्या नाहीत. पहिली, २०१६ नंतर वायोमिंगचा सेंटर, धावपटू, टाइट एंड आणि मुख्य रिसीव्हर असे चौघं एकदम एनएफएल संघांकडे गेले होते. म्हणजे २०१७ चा संघ जवळपास नवा होता, आणि मी त्या मुलाचे दोन हंगाम एकाच तराजूत घातले. दुसरी आणि मोठी, तो चुकत होता तो कशामुळे, हे मी वेगळं केलंच नाही. तो लांब ढांग टाकायचा, कंबर उशिरा फिरायची, चेंडू डोक्यावरून जायचा. पायांमुळे चुकलेले पास आणि डोळ्यांमुळे चुकलेले पास मी एकाच खात्यात टाकले. पाय शिकवता येतात. चुकीच्या माणसाकडे बघणारे डोळे शिकवणं फार कठीण. बफेलो या त्याच्या एनएफएल संघात त्याने पायांवर काम केलं, ब्रायन डेबोलसारखा कोच टिकला, २०२० मध्ये रिसीव्हर स्टेफॉन डिग्ज आला, आणि टक्केवारी ५२.८ वरून ५८.८ आणि तिथून ६९.२ वर गेली. तेव्हापासून माझ्या अहवालात प्रत्येक चुकलेल्या पासपुढे एक अक्षर असतं: 'पा' किंवा 'डो'.

मात्र ॲलन झाला म्हणून प्रत्येक बलदंड, उंच, अचूकता नसलेला मुलगा ॲलन होईल, असं मानणं ही त्याहून महाग चूक आहे. रिचर्डसन फ्लोरिडाला ५३.८ टक्क्यांवर होता, २०२३ मध्ये चौथा गेला, आणि २०२५ च्या हंगामात इंडियानापोलिसने सुरुवात डॅनियल जोन्सच्या हाती दिली. मुलगा गुणी आहे, वय लहान आहे, मी त्याच्यावर फुली मारलेली नाही. पण त्याला निवडताना ॲलनचं उदाहरण जितक्या सहज दिलं गेलं, तितक्या सहज 'पा' आणि 'डो' कुणी मोजले नाहीत.

शिवाय अहवालाचा एक भाग मुलाविषयी नसतोच, संघाविषयी असतो. पॅट्रिक माहोम्स २०१७ मध्ये कॅन्सस सिटीत गेला, वर्षभर ॲलेक्स स्मिथच्या मागे बसून शिकला, आणि दुसऱ्या वर्षी ५० टचडाउन पास टाकून एमव्हीपी झाला. जॉश रोझेन २०१८ मध्ये ॲरिझोनाला दहावा गेला, वर्षभरात कोच बदलला, संघाने २०१९ मध्ये पहिल्या क्रमांकावर कायलर मरेला घेतलं आणि रोझेनला दुसरीकडे धाडलं. सॅम डार्नॉल्ड जेट्समध्ये मोडला असं सगळे म्हणाले. २०२४ मध्ये मिनेसोटाकडून त्याने १४ सामने जिंकले. एकाच मुलाला दोन संघांनी वेगळे गुण देणं यात विसंगती नाही. एकाकडे त्याला शिकवायला माणूस आणि वेळ असतो, दुसऱ्याकडे नसतो.

तुमच्या मुलाला एक काम द्या. येत्या शनिवारी एकच क्वार्टरबॅक निवडायचा. तिसरा डाउन आणि सात यार्ड बाकी, असा प्रसंग आला की चेंडूकडे बघायचं नाही, त्याच्या पावलांकडे बघायचं. वहीत फक्त तीन गोष्टी: पहिला रिसीव्हर झाकला गेला होता का, त्यानंतर पाय पुढे गेले की मागे, आणि पास चुकला तर 'पा' की 'डो'. टीव्हीवर सगळं दिसणार नाही, पण निम्मं तरी रीप्लेमध्ये सापडतं. पाच सामने झाले की ती वही मला पाठवा. मी त्याच मुलाची ऑल-२२ फिल्म काढून ठेवतो, आपण शेजारी शेजारी ठेवून बघू.